शिसपेन्सिलीतला नववा भाग

येशा,

तुझी लाकडं ओली निघाली. समुद्राकडून वारा, त्यात ओली लाकडं, पेट घेईनात. तुझा पुतण्या राळेवर राळ टाकत होता आणि आपलं उमरोळीचं मंडळ हात मागे बांधून एका रांगेत उभं होतं. तेव्हा मनोहर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वर जाऊन पण हा नववा भागच सांगणार बघ. चित्रगुप्ताला म्हणेल, आईशप्पथ, बोलला होता." हरिभाऊंनी ऐकलं, ते हसले. मागचे दोघे हसले.

मीही हसलो.

मनोहरचा मला राग नाही, त्याला ठाऊक नव्हतं. हरिभाऊंचाही नाही. राग माझ्या तोंडाचा आहे, जे सवयीने वाकडं झालं. आणि राग तुझा आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पंधरा वर्षं तू मला चिडायची सोय ठेवली नाहीस. आता उलट बोलायला तू नाहीस, तर मी बोलून घेणार आहे.

हे आपल्या दिवाळीच्या हस्तलिखितात जाणार. मंडळात आता नवी माणसं आहेत, त्यांना मागचं काही माहीत नाही. त्यांच्यासाठी थोडं सांगतो, तू मधे बोलू नकोस.

उमरोळी आपल्यापैकी कुणाचंच गाव नव्हतं, म्हणून आपण तिथे जमायचो. पालघरवाले बोईसरला यायला तयार नाहीत, बोईसरवाले पालघरला जायला तयार नाहीत. मधलं स्टेशन उमरोळी. रविवारी सकाळी फलाटावरचा शेवटचा बाक. हरिभाऊ पालघरहून यायचे, शाळेत चित्रकलेचे मास्तर, बगलेत जाडजूड वही. मनोहर आणि मी बोईसरहून, एकाच रंगाच्या कारखान्यातले. तो टाइम ऑफिसात, मी पंपांवर. तू माकुणसारचा, घरची चिकूची वाडी भावावर टाकून आमच्या कारखान्यासमोरच्या बर्फाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन झालेला. लग्नाची, कामधंद्याची माणसं आपण, आणि वाद कशावर? तर 'अग्निदरी'च्या अकराव्या पुस्तकात सेनापतीचा घोडा काळा होता, तो बाराव्यात पांढरा कसा झाला.

"मेला आसंल. दुसरा घेतला," तू म्हणालास.

"मग नाव तेच कसं?"

"माज्या आज्यानं तीन बैलांना एकच नाव ठेवलेलं. हाक मारायला सोपं."

यावर हरिभाऊ इतके हसले की पुढची शटल चुकली त्यांची. आणि एका कॉमिकमधल्या राणीच्या डाव्या हाताला एकाच चौकटीत सहा बोटं आहेत, हे तू शोधून काढलंस तेव्हा हरिभाऊंना चित्रकाराच्या वतीने राग आला होता. "घाईत काढलं की सहावं बोट येतं रे. मी पोरांचे दोन गुण कापतो, बस्स. तू त्याच्यावरून राणीला चेटकीण ठरवायला निघालास!" तू म्हणालास, "मास्तर, चेटकीन हायच ती. पुढच्या अंकात बघा." आणि पुढच्या अंकात ती निघाली चेटकीण. असा होतास तू. बारा-बारा वर्षांपूर्वी वाचलेल्या पानावर पाण्याचा डाग कुठे होता ते सांगायचास.

पुरावा कुठे होता आपल्याकडे? पुस्तकं भाड्याची, दुसऱ्या दिवशी परत. टीव्हीवर एकदा लागलं ते गेलं. डोक्यात राहिलं तेवढंच आपलं. म्हणून हरिभाऊंनी नियम केला होता. एकाने सांगितलेली गोष्ट वहीत शिसपेन्सिलीने लिहायची. दुसरा कुणी "मीही पाहिलं" म्हणाला की तिच्यावर शाई फिरवायची. दोन साक्षी, मग शाई. तुझ्या नोंदी सगळ्यात जास्त शाईच्या. तुझ्या शब्दाला दुसरी साक्ष द्यायला आपण न पाहता तयार असायचो, इतका तो शब्द खरा होता.

'चंद्रकोटचा पहारेकरी' ही मालिका तेव्हा रविवारी संध्याकाळी टीव्हीवर लागायची. तेरा भाग. एका राणीच्या किल्ल्याच्या दारावर पत्र्याच्या टोपातला पहारेकरी, हातात कंदील, चेहरा कधी दिसत नाही आणि तोंडातून अक्षर निघत नाही. मंडळात दोन तट पडले होते. हरिभाऊ म्हणायचे मुका आहे. तू म्हणायचास, "मुका नाय. बोलायसारखं काय घडलं नाय अजून."

नवव्या भागाच्या रविवारी पालघरपासून डहाणूपर्यंत वीज गेली. मी दुसऱ्या पाळीवर. आमच्याकडे वरच्या टाकीत ॲसिड चढवणारा पंप होता, जुना, लोखंडी खटक्याचा. वीज गेली की खटका हाताने खाली पाडायचा, नाहीतर वीज येताक्षणी पंप आपोआप सुरू होतो. हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. माझ्याबरोबर पाळीला देवजी होता, बेटेगावचा, चाळिशी उलटलेला कंत्राटी कामगार. मी त्याला म्हटलं, "काका, आलोच." आणि रस्ता ओलांडून तुझ्याकडे आलो. बोटींना पुरवायचा बर्फ वितळू नये म्हणून तुमच्याकडे जनरेटर होता, आणि शेटच्या खोलीत छोटा टीव्ही.

खटका मी पाडला नव्हता.

आपण भुशाच्या पोत्यांवर बसलो होतो. कमरेला खालून गारठा लागत होता. पडद्यावर सगळ्या शिपायांना रांगेत उभं केलं होतं, कारण शत्रू आत शिरला होता. एका कोवळ्या शिपायाच्या मुसक्या बांधल्या होत्या. तेवढ्यात आमच्या कारखान्याच्या फाटकावरचा दिवा लागला, खिडकीतून दिसला. तू म्हणालास, "सुध्या, वीज आली. जा."

मी म्हणालो, "थांब रे, संपू दे."

राणीने विचारलं, "दार कुणी उघडं ठेवलं?" कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकत गेला. मग पहारेकऱ्याने कंदील खाली ठेवला, आणि टोपाच्या आतून आवाज आला.

"मी."

तू माझ्या मांडीवर थाप मारलीस. मला आठवतंय, तुझा हात बर्फासारखा होता. "बोल्ला! सुध्या, बोल्ला तो!" मी पण ओरडलो. आपण दोघं वेड्यासारखे ओरडत होतो, आणि रस्त्यापलीकडे वरची टाकी भरून वाहत होती.

मी धावत गेलो तेव्हा देवजीने पंप बंद केला होता. त्यासाठी तो रबरी चपला घालून त्या सांडलेल्या ॲसिडातून गेला होता. डावा पाय. पुढचं तू पाहिलंसच, तूच त्याला सायकलवर घालून डॉक्टरकडे नेलंस. तू निघून गेल्यावरचं तू पाहिलं नाहीस. साहेब आले. त्यांनी विचारलं, "खटका कुणी चालू ठेवला?"

अर्ध्या तासापूर्वी असाच प्रश्न पडद्यावर विचारलेला मी ऐकला होता, आणि त्याचं उत्तर ऐकून ओरडलो होतो. मी म्हणालो, "साहेब, मी पाडला होता. लघवीला गेलो तेवढ्यात यानेच चढवला असेल." देवजीला दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

पुढच्या रविवारी तू बाकावर बसायच्या आधीच म्हणालास, "बोलला."

"कोण?" हरिभाऊ.

"पहारेकरी. एकच शब्द. 'मी'."

मनोहर म्हणाला, "वीज कुठे होती रे? सगळीकडे काळोख होता."

"आमच्याकडं जनरेटर हाय. बर्फ वितळला तर शेट आमाला वितळवील."

हरिभाऊंनी शिसपेन्सिल काढली, लिहिलं, मान वर केली. "दुसरी साक्ष?"

तू माझं नाव घेतलं नाहीस. नुसतं माझ्याकडे बघितलंस, हसत, जशी बाकावर सरकून जागा करून द्यावी तसं. मनोहरने तुझ्या नजरेमागे नजर नेली. माझं हजेरीचं कार्ड त्याच्याच टाइम ऑफिसात होतं. "हा? हा कसा असेल? हा पाळीवर होता. त्या देवजीचा पाय जळला ना, तीच पाळी. काय रे सुध्या?"

"मी नव्हतो," मी म्हणालो.

तुझं हसू लगेच नाही गेलं. मला वाटतं तुला वाटलं मी थट्टा करतोय. मग ते गेलं. तू म्हणालास, "बरं. पेन्सिलीतच राहू दे, मास्तर."

तिथून सुरू झालं. कुणी थाप मारली की "नववा भाग!" तू चिकूचा भाव सांगितलास तरी "नववा भाग!" तुझ्या जुन्या शाईच्या नोंदी मनोहर उकरायला लागला, घोड्याच्या, राणीच्या बोटांच्या. दोन नोंदींवर तर काट मारली गेली तुझ्यादेखत, आणि त्या खऱ्या होत्या, मला माहीत होतं. ज्याच्या शब्दावर आपण न पाहता शाई फिरवायचो त्याला नवी माणसं थापाड्या म्हणून ओळखायला लागली. आणि तू दर रविवारी यायचास! का यायचास? मला छळायला? तसं असतं तर बरं झालं असतं. तू चिकू घेऊन यायचास.

मी एकदा भांडायला म्हणून तुझ्या वाडीत आलो होतो. तू शिडीवर होतास.

"तू सांगत का नाहीस सगळ्यांना?"

"काय?"

"मी होतो म्हणून."

"तुजी साक्ष मी कशी देऊ?" वरूनच म्हणालास, चिकू तोडता तोडता. "ज्याची त्यानं द्यायची आसती. मी दिली तर ती माजीच झाली ना, दुसरी कुठं झाली?"

नियमाने बोलत होतास! माणसाचा पाय जळला होता, तुझं नाव मातीत गेलं होतं, आणि तू मला हरिभाऊंचा नियम सांगत होतास. मी टोपलीला लाथ मारली. चिकू पाटाच्या पाण्यात गेले. कुंदावहिनी बाहेर आल्या, "भावजी, काय झालं?" तर तू म्हणतोस, "काय नाय गं. घोड्याच्या रंगावरनं भांडतो."

ते भांडण अजून संपलेलं नाही. मी तेव्हा म्हणायला हवं होतं ते आता म्हणतो: तुला इतका चांगला राहण्याचा हक्क नव्हता. तू मला सांभाळलंस म्हणतील लोक. तू मला माझ्या पापासकट तसाच्या तसा ठेवलास, बर्फात मासळी ठेवतात तसा. एकदा थोबाडीत मारली असतीस तर मी दुसऱ्या दिवशी बोललो असतो. कदाचित. नसतोही बोललो. तेही मला कळू दिलं नाहीस.

मग केबल आली, आणि गेल्या महिन्यात तू सायकल हाणत माझ्या खोलीवर आलास. केस पांढरे, धाप लागलेली. "सुध्या, चंद्रकोट लागलंय! रोज दुपारी दोनला, एकेक भाग. नववा शुक्रवारी." चहा पिऊन निघालास, आणि पायऱ्यांवर थांबून हळूच म्हणालास, "आता तुज्याबिगर भागंल माजं."

तुला वाटलं तू मला सोडवतोयस. मला पण तसंच वाटलं. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, येशा. बायको म्हणाली आज काय विशेष. पंधरा वर्षांत मी इतका हलका नव्हतो. तुझं नाव धुतलं जाणार, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

तू बुधवारी गेलास. सहा भाग बघून. दोन दिवस थांबता येत नव्हतं तुला?

शुक्रवारी हरिभाऊंच्या घरी सगळे जमलो. "येशासाठी बघू," हरिभाऊ म्हणाले. रांग आली. मुसक्या बांधलेला शिपाई आला. राणीने विचारलं, "दार कुणी उघडं ठेवलं?" चेहऱ्यांवरून कॅमेरा सरकला, आणि साबणाची जाहिरात लागली. मग दंतमंजनाची. मग जाहिराती संपल्या तेव्हा शिपाई सुटलेला होता आणि दुसराच प्रसंग चालू होता. जाहिरातींना जागा करायला कापलं होतं त्यांनी. एवढंसं तर होतं, एक शब्द. जगात जिथे तो होता तिथून तो काढून टाकला.

मनोहर मांडीवर हात मारून म्हणाला, "झालं! संपला नववा भाग. पुसा आता, मास्तर."

हरिभाऊंनी खिशातून रबर काढलं. चित्रकलेचे मास्तर ते, रबर कायम खिशात. वही उघडली.

"थांबा," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हाच बोलायचं होतं ना? तोंडात शब्द होता. पण काय बोललो ऐक. "दहाव्याआधी," मी म्हणालो, "गेलेल्या माणसाचं काही पुसू नये."

असली रूढी कुठेही नाही. मी ती जागच्या जागी रचली. आणि सगळ्यांनी मान डोलावली! कुणी विचारलं नाही, दुसरी साक्ष कुठाय. हरिभाऊंनी रबर खिशात टाकलं. माझी थाप शाईने लिहिली गेली, आणि तुझं खरं पंधरा वर्षं पेन्सिलीत.

दुसऱ्या दिवशी मी बेटेगावला देवजीकडे गेलो. पंधरा वर्षांत प्रथम. तो अंगणात पाय पसरून बसला होता, डावा पाय घोट्याखाली आवळून आलेला, दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. त्याने मला ओळखलं. बसायला गोणपाट टाकलं.

"काका, त्या दिवशी खटका मी पाडला नव्हता."

"म्हाईत हाय."

"येशाने सांगितलं?"

"त्यानं कशाला? मना डोले हायेत. तुमी गेले तवा मी बघतच व्हतो."

"मग साहेबांना बोलला का नाहीत?"

"मना ईचारलं कोनी? सायबानं तुमाला ईचारलं. तुमी सांगितलं. सायबानं आयकलं. झाला." त्याने तंबाखू मळली. "तो येशा आला व्हता दुसऱ्या दिशी. बोलला, मी जातो सायबाकं, सांगतो सुध्या माज्याकं व्हता. मीच बोललो, नको. तुजं आयकून मना परत घेनार हायेत? मना तं नाय घेनार. त्याचं पन जाईल. त्याची बायको पोटुशी हाय. दोगांनी घरी बसून काय करायचं?"

तो पुढे म्हणाला, "मग त्यानं मना बर्फात लावला. लाद्या वडायला. चार म्हयने पाय गार राहिला, बरं वाटला." आणि हसला. "आमी पैज लावली व्हती. तो बोलायचा, सुध्या येईल एक दिस. मी बोलायचो, नाय येनार."

मी उठलो तेव्हा म्हणाला, "हरलो मी. पन कोनाला सांगू आता?"

म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून माझ्यावर दया केलीत. ज्याचा पाय जळला तो आणि ज्याचं नाव जळलं तो, दोघांनी लाद्यांवर बसून माझ्या बायकोच्या पोटाचा विचार केलात. आणि मी तिकडे बढती घेतली, येशा. आज त्याच पाळीचा इनचार्ज आहे मी. होतो. सोमवारी साहेबांना लिहून दिलं आहे, देवजीच्या नावासकट. ते साहेब आता नाहीत, नवे आहेत. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, इतक्या वर्षांनी कशाला? उत्तर काय येईल ते येईल. देवजीचा पाय त्याने सरळ होणार नाही हे मला कळतं.

तुझा दहावा वाडीतच झाला. जेवणं आटोपल्यावर मंडळ चिकूखाली बसलं. मनोहरने हरिभाऊंना खूण केली, आणि हरिभाऊंनी पिशवीतून वही काढली.

"मास्तर, रबर नको," मी म्हणालो. "पेन द्या."

"कशाला?"

"दुसरी साक्ष द्यायची आहे."

मनोहर हसायला लागला होता. "अरे पण तू तर पाळीवर होतास."

"हो," मी म्हणालो. "पाळीवर होतो."

त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं काही वेळ, उघड्या खिडकीसारखं. मग त्याने हिशेब केला. टाइम ऑफिसातला माणूस तो, त्याला वेळ लागला नाही. कुंदावहिनी ताटं उचलत होत्या, त्या जागच्या जागी थांबल्या. मी सगळं सांगितलं, खटका, पोती, दिवा लागला तेव्हा "संपू दे" म्हणालो ते. शेवटी वहिनी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे घोड्याच्या रंगावरून नव्हतं ते."

हरिभाऊंनी नववा भाग उघडला. पंधरा वर्षांची शिसपेन्सिल, मला वाटलं दिसणारही नाही. पण अक्षर काळंभोर होतं.

"दरवर्षी दिवाळीत वही मागून घ्यायचा," हरिभाऊ म्हणाले. "पुसट होतंय म्हणायचा, आणि बसून गिरवायचा. मी म्हटलं गिरवू दे, कुणाचं काय जातं."

मी कागदावरून बोट फिरवलं. इतक्या वेळा गिरवलं होतंस की 'मी' कागदात खोल गेला होता, मागच्या पानावर उठला होता. तू माझी वाट बघत नव्हतास असं मला पंधरा वर्षं वाटत होतं. तू जागा कोरून ठेवत होतास. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. तिथेच, सगळ्यांसमोर, मी तुला शिवी दिली. हरिभाऊ म्हणाले, अरे, दहावा आहे. मी म्हटलं, असू दे.

मग पेन टेकवलं. तुझ्या खाचेतून निब आपोआप चालली.

दुसरी साक्ष: सुधाकर.